वेडेलिया की जलपिंपळी? इंदूरच्या काळ्या मातीतले अनुभव

घरापुढच्या मोकळ्या पट्ट्यात हिरवळ राखणे इंदुरात दरवर्षी अवघड होत चालले आहे. नर्मदेचे नळ बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड येतात, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपुढे जातो, आणि माळव्याची काळी माती उन्हाळ्यात बोट आत जाईल इतक्या भेगा पाडते, तर पावसाळ्यात तीच माती पाणी सोडत नाही. त्यामुळे लॉनऐवजी जमिनीलगत पसरणारी आणि वर्षानुवर्षे टिकणारी झाडे लावण्याकडे अनेकांचा कल दिसतो. त्यांत पिवळ्या फुलांची वेडेलिया आणि बारीक पांढऱ्या-गुलाबी फुलांची जलपिंपळी ही दोन नावे वारंवार ऐकू येतात. जलपिंपळीला नर्सरीत लिपिया म्हणतात. दोन्ही बहुवर्षायू आहेत आणि पेरापेरांवर मुळे धरत पुढे सरकतात, परंतु दोघींना लागणारी जागा आणि निगा वेगळी आहे. ज्यांनी यांपैकी एक किंवा दोन्ही लावल्या असतील त्यांनी माती, ऊन, पाणी आणि छाटणी यांच्या तपशिलासह आपले अनुभव लिहावेत, ही विनंती. झाड आवडले की नाही, याबरोबर त्याची कारणेही लिहिली तर नव्याने बाग करणाऱ्यांना त्यांचा खरा उपयोग होईल. आलेले अनुभव खाली लिहिणाऱ्यांच्या वस्तीच्या नावाने दिले आहेत.

लोकमान्य नगर

आमच्या घराच्या उत्तरेला कुंपणाची भिंत आणि आंब्याची जुनी झाडे असल्यामुळे तिथे दिवसभरात जेमतेम दोन-तीन तास ऊन पोहोचते. दूर्वा अशा सावलीत विरळ होत जातात आणि शेवटी उघडी माती उरते, म्हणून आम्ही तिथे वेडेलिया लावली आणि त्या जागेपुरते तरी दुसरे झाड मला सुचत नाही. पहिल्या सरींनी माती मऊ झाल्यावर वीतभर लांबीच्या कांड्या, दोन पेरे मातीखाली जातील अशा तिरक्या खोचाव्यात. पावसात त्यांना वेगळे पाणी द्यावे लागत नाही आणि दिवाळीपर्यंत जमीन झाकली जाते. सावलीत फुले कमी येतात, हे मान्य करून चालावे. तिथे शोभा त्या चकचकीत, त्रिदली पानांचीच असते.

निगेचा खरा भाग छाटणीचा आहे. वेडेलिया मोकळी सोडली तर नव्या फांद्या जुन्या फांद्यांवर चढतात, वरचा थर गुडघ्याच्या दिशेने वाढू लागतो आणि खाली पाने गळालेल्या काटक्यांचे जाळे तयार होते, ज्यात पावसाळ्यात गोगलगायी आश्रय घेतात. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस, थंडी ओसरल्यावर, मोठ्या कैचीने ती जमिनीपासून चार बोटांवर सरसकट छाटावी. पंधरवडाभर जागा उजाड दिसते, पण नंतर येणारी पालवी दाट असते. वाफ्याच्या कडेला विटा उभ्या पुरल्या तरी त्यांवरून फांद्या बाहेर पडतातच, त्यामुळे पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कड कापावी लागते. ज्यांना हे जमणार नसेल त्यांनी वेडेलिया मोकळ्या जमिनीत लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याविषयी एक खूण सांगतो. मे महिन्यात दुपारी तिची पाने मान टाकतात, त्याने घाबरण्याचे कारण नाही. ऊन उतरल्यावरही ती उभी राहिली नाहीत, तरच पाणी द्यावे.

टिळक नगर

आमचे अंगण दक्षिणेकडे उघडे आहे, दिवसभर ऊन असते आणि नातवंडांचा वावरही असतो. तिथे वेडेलिया उपयोगाची नव्हती, कारण तिच्या रसरशीत फांद्या पायाखाली चिरडतात. जलपिंपळी मात्र जमिनीला चिकटून वाढते, नियमित उन्हात ती चार-सहा बोटांपेक्षा फारशी उंच होत नाही आणि बेताची वर्दळ सहज सोसते. रोज एकाच वाटेने जा-ये असेल तर तिथे ती विरळ होते. त्या वाटेवर फरशीचे तुकडे बसवणे बरे.

जमीन तयार करण्यात घाई करू नये, हे मला आवर्जून सांगायचे आहे. नागरमोथा असेल तर तो खुरप्याने वरवर न खरवडता गाठींसकट खणून काढावा लागतो, कारण जलपिंपळीची जाळी दाट होईपर्यंत ती त्याला दाबू शकत नाही, आणि एकदा जाळी झाली की तिच्यातून नागरमोथा उपटताना तीच उखडून येते. आम्ही वीतभर माती खणून तिच्यात जाड रेती आणि कुजलेले शेणखत मिसळले आणि अंगणाला फाटकाच्या दिशेने हलका उतार दिला. जलपिंपळी मुळात तळ्यांच्या आणि नद्यांच्या ओलसर काठांवर आपोआप उगवणारी वनस्पती असल्यामुळे तिला काही दिवस साचलेले पाणी चालते. उतार हवा तो आपल्याला चिखल तुडवावा लागू नये म्हणून.

पहिल्या उन्हाळ्यात तिला दोन दिवसांआड पाणी द्यावे लागले. पुढे मुळे खोल गेल्यावर आठवड्यातून एकदा, पण भरपूर पाणी पुरते. रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे वरच राहतात आणि माती भेगाळली की ती तुटतात. डिसेंबर-जानेवारीत पाने तपकिरी-जांभळी होतात आणि वाढ थांबते. झाड मेले असे समजून तिला पाणी आणि खत यांनी बेजार करू नये, होळीच्या सुमारास ती पुन्हा हिरवी होते.

फुलांवर मधमाश्या फार येतात. मुले अनवाणी खेळत असतील तर सुट्ट्यांच्या आधी फुलांचे बोंड वरच्या वर कापून घ्यावेत, मात्र एखादा कोपरा तसाच राखावा. पीकॉक पॅन्सी या फुलपाखराच्या अळ्यांचे हे खाद्य आहे, त्यामुळे पाने कुरतडलेली दिसली तरी आम्ही कीटकनाशक फवारत नाही, आणि त्याने अंगणाचे काही बिघडलेलेही नाही.

सुदामा नगर

आमच्याकडे जमीन नाही, फक्त गच्ची आहे. वेडेलिया कठड्यावरच्या कुंड्यांतून खाली सोडली आहे आणि भरपूर उन्हामुळे ती जवळजवळ बारा महिने फुलते. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. कुंडीत तिचा पसारा आपोआप आटोक्यात राहतो.

राजेंद्र नगर

मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, त्यामुळे या तुलनेत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वेडेलिया सूर्यफुलाच्या कुळातली असून ती मध्य आणि दक्षिण अमेरिका व कॅरिबियन बेटे या भागांतून जगभर पसरली आहे. तिचे आजचे शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा असे आहे आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केलेल्या जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत तिचा समावेश आहे. तिचा प्रसार बियांपेक्षा तुकड्यांनी होतो. एका पेराचा तुकडा ओलसर मातीवर पडला तरी नवी वेल उभी राहते. छाटलेला पाला कोणी नाल्यात टाकला, तर तो पाण्याबरोबर कुठेही जाऊन रुजू शकतो. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर ही आपल्या भागातली दोन पाणथळे 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, आली आहेत. अशा काठांवर वेडेलियाचा गालिचा पसरला तर तिथल्या मूळच्या वनस्पतींना, ज्यांत जलपिंपळीही येते, जागा उरणार नाही.

जलपिंपळी आपल्याकडची आहे म्हणून ती सर्वत्र निरुपद्रवी ठरते, असेही नाही. तिच्याच वंशातली दक्षिण अमेरिकेतली एक जात ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांत मोठे संकट ठरली आहे. कोणती वनस्पती कुठे लावली जाते, यावर पुष्कळ अवलंबून असते.

छाटलेल्या वेडेलियाची सोय घरीच करता येते. आधी ती फरशीवर कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवावी आणि मगच खतात घालावी. कंपोस्टच्या बाबतीत तर आपल्या शहराचे नाव जगभर पोहोचलेले आहे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 मध्ये येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू केली, आणि काडीकचरा, शेण, माती व राख यांचे थर देऊन ढीग ठरावीक काळाने उलटण्याची जी रीत त्यांनी तिथे बसवली, ती आजही इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. ढीग नीट तापला तर चुकून राहिलेल्या ओल्या कांड्याही त्यात कुजतात. नुसत्या साठवलेल्या थंड ढिगात मात्र त्या फुटतात, म्हणून आधी वाळवण्याचा कंटाळा करू नये.

विजय नगर

राजेंद्र नगरच्या ताईंचे म्हणणे बरोबर आहे, तरीही वेडेलियाला सरसकट दोष देणे मला पटत नाही. आमच्या इमारतीच्या उताराची माती दर पावसात वाहून फाटकाशी येत असे. वेडेलियाने ती धरून ठेवली. चहूबाजूंनी काँक्रीट आहे, माळी नियमित येतो आणि पाला बाहेर जात नाही. अशा बंदिस्त जागी ती लावण्यात मला काही गैर दिसत नाही.

स्नेह नगर

आमच्याकडे दोन्ही आहेत, पण एकमेकींशेजारी नाहीत. मागच्या सावलीत वेडेलिया, पुढच्या उन्हात जलपिंपळी आणि मध्ये घराची संपूर्ण रुंदी. दोन्ही एकाच वाफ्यात लावल्या तर वेडेलिया उंचीच्या जोरावर जलपिंपळीला सावलीखाली घेते आणि ती वर्षभरात संपते. खत दोघींनाही बेतानेच द्यावे. पावसाळ्याच्या तोंडाशी गांडूळखताचा पातळ थर पुरेसा होतो, जास्त दिल्यास नुसता पाला माजतो. बोअरचे खारट पाणी जलपिंपळी चांगले सोसते.

नवी लागवड करणाऱ्यांनी जलपिंपळीच्या कांड्या विकत घेण्यापूर्वी ओळखीच्या बागांत विचारावे. जुनी जाळी फावड्याने तळहाताएवढ्या तुकड्यांत, मुळांखालच्या मातीसकट कापून ओल्या गोणपाटात नेली आणि त्याच संध्याकाळी वीत-वीत अंतरावर दाबून बसवली, तर सुट्या कांड्यांपेक्षा ती फार लवकर धरते.