छंदाचे पैसे मागायचे कसे?

नौपाडकर:
वय ५८, बँकेतून मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. फोटो कॉलेजपासून काढतो; सुरुवात वडिलांच्या याशिका कॅमेऱ्यावर. हॉलच्या उत्तरेकडच्या खिडकीशी स्टूल टाकलं की झाला स्टुडिओ. परवा शेजारच्या आजींचा सहस्रचंद्रदर्शनासाठी फोटो काढला. नथ सारखी करताना त्या लाजल्या, नेमकी तीच फ्रेम मिळाली. त्यांच्या मुलाने पैसे विचारले, मी म्हणालो, "राहू दे हो." तेव्हापासून बायकोचा अबोला! धंदा म्हणून करायचं तर दर काय लावू? गुमास्ता (दुकानाचा परवाना) लागतो का?

कागदपत्रवाला:
काका, मोजकेच कामगार असतील तर राज्याच्या २०१७च्या दुकाने कायद्याप्रमाणे नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली तरच. तिथवर पोचलात तर पेढे आणा.

वाशीकरीण:
दर आधीच सांगा, निम्मे आगाऊ घ्या. ऐरोलीत एक बारसं काढलं होतं, पैसे "पुढच्या आठवड्यात" मिळणार होते. ते बाळ आता शाळेत जातं. आणि चेहरा फार जवळून घेऊ नका, नाक मोठं दिसतं. ८५ मिमी लेन्स लावून मागे सरका.

नौपाडकर:
मागे भिंत आहे हो! बाकी, आजींच्या मुलाला प्रिंटचे पैसे सांगितले. म्हणाला, "काका, मीच विचारत होतो ना!"