पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू विकणं बंद व्हायलाच हवं

सायली_पुणे
बहिणीने लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं, बुटाच्या खोक्यात घालून. विकणारा म्हणाला, "पंचेचाळीस दिवसांचं आहे." डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, तर दाढा अजून हिरडीतच. जेमतेम महिन्याचं होतं ते. पेजसुद्धा धड चाटता येईना. चौथ्या दिवशी उलट्या, मग रक्ताची शी. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्गजन्य आजार. सहाव्या दिवशी पहाटे गेलं.

खरं तर पंचेचाळीस दिवसही बेकायदाच. श्वान प्रजनन व विक्रीच्या 2017 च्या नियमांत आठ आठवडे, म्हणजे 56 दिवसांच्या आत पिल्लू विकायला बंदी आहे. आम्हाला ठाऊकच नव्हतं, हे फार लागलं.

घरचीपिल्लं
वाईट झालं. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. माझ्या घरी एकच कुत्री आहे. गेल्या वेळी आठ पिल्लं झाली. पाचव्या आठवड्यात दात टोचायला लागले की आईच गुरगुरून उठून जाते. मग दिवसातून चार वेळा खिमटी, सतत फडकी बदलायची, आणि एकाला पार्व्हो झाला तर आठही जातात. धंदा म्हणून पिल्लं काढणाऱ्या मोठ्या केनलवाल्यांचा नियम आमच्या माथी कशाला?

शिकवणारा
आई गुरगुरते ना, तोच धडा असतो. भावंडाला जोरात चावलं की ते कळवळून खेळ सोडतं, त्यातून चावा सौम्य होतो. हात रक्ताळेपर्यंत चावणारं चार महिन्यांचं पिल्लू आलं की मी आधी विचारतो, कितव्या दिवशी आणलं? उत्तर बहुतेक वेळा तिसाच्या आसपास असतं.

कायदाप्रेमी
1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. पिल्लू पंधरा हजारांना जातं. कोण घाबरेल?

घरचीपिल्लं
दंड वाढवलात तर लोक लपूनछपून विकतील. मी निदान आई दाखवतो.

सायली_पुणे
ते चांगलंच करता. बहिणीला 'आई फार्मवर आहे' एवढंच सांगितलं होतं. पण शेवटचे तीन आठवडे खिमटीचा आणि लसीचा खर्च किमतीत धरा की. मी आनंदाने देईन.

घरचीपिल्लं
पुढच्या वेळी दोन पिल्लं 56 दिवस ठेवून बघतो. आठही जमतील असं आज म्हणवत नाही.

सायली_पुणे
उरलेल्या सहांचं काय?