सॉनिक हेजहॉग लायसेटमध्ये भरपूर, मीडियात मात्र नाही

पेशीपुराण: एचईके २९३टी (प्रयोगशाळेतल्या मानवी पेशी) मध्ये पूर्ण लांबीचं उंदराचं सॉनिक हेजहॉग (पेशींमधलं संदेशवाहक प्रोटीन) ट्रान्सफेक्ट केलंय, म्हणजे त्याचा जीन प्लास्मिडने आत घातलाय. लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) १९ किलोडाल्टनचा बँड ठसठशीत. सीरम-फ्री मीडिया (पेशींभोवतीचा पोषक द्रव) ६ तास ठेवून त्यातलं प्रोटीन टीसीएने (ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड) प्रेसिपिटेट केलं, म्हणजे गाळ म्हणून खाली बसवलं, तर वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रोटीन दाखवणारी चाचणी) जवळपास कोरा. १०% एफबीएस (गोवंशाचं सीरम) ठेवला तर थोडं येतं. डिस्पॅच्ड (हेजहॉग पेशीबाहेर सोडणारं मेम्ब्रेन प्रोटीन) काम करत नाही, असं समजायचं का?

मेदबंध: घाई होतेय. १९ चा बँड आला म्हणजे ४५ किलोडाल्टनचं प्रिकर्सर (न कापलेलं मूळ रूप) स्वतःला कापून सी-टोकाला कोलेस्टेरॉल जोडून मोकळं झालंय. एन-टोकाला एचएचएटी हे एन्झाइम पाल्मिटेट (एक फॅटी ॲसिड) लावतं. डिस्पॅच्ड कोलेस्टेरॉलचं टोक मेम्ब्रेनमधून उपसतं, पण पाण्यात ते झेलणारं कुणीतरी हवं. ते काम स्क्यूब२ या पेशीबाहेर सोडल्या जाणाऱ्या प्रोटीनचं, आणि २९३टी मध्ये ते नगण्य असतं. सीरममधली लायपोप्रोटीन्स हेच अर्धवट करतात, म्हणून एफबीएसमध्ये तुम्हाला बँड दिसला.

स्क्यूब२ त्याच डिशमध्ये घालू नका, प्लास्मिडांची आपसात स्पर्धा लागते. वेगळ्या डिशमधल्या पेशींत स्क्यूब२ घालून सीरम-फ्री कंडिशन्ड मीडिया (पेशींनी स्क्यूब२ सोडलेला) बनवा. हेजहॉगच्या पेशी ट्रान्सफेक्शननंतर २४ तासांनी दोनदा धुऊन त्यावर तो घाला. जोडीला रिकाम्या व्हेक्टरचा (जीन नसलेल्या प्लास्मिडचा) मीडिया तुलनेला हवाच.

गाळ_आणि_गोळी: आधी टीसीए तपासा. कोलेस्टेरॉलविना एसएचएच-एन (सॉनिक हेजहॉगचा फक्त एन-टोकाचा भाग, ग्लायसिन १९८ नंतर स्टॉप) डिस्पॅच्डशिवायही बाहेर पडतं. तेही दिसलं नाही तर दोष प्रेसिपिटेशनचा किंवा ब्लॉटचा. टीसीए शेवटी १०%, बर्फावर ३० मिनिटं, गार ॲसिटोनने दोन वॉश. पेलेट फार वाळवलं तर विरघळत नाही. सॅम्पल बफर पिवळा पडला तर ट्रिसचा थेंब. ब्लॉटला ५ई१ वापरत असाल तर तिथेच उत्तर मिळेल, ती अँटिबॉडी घडी शाबूत असलेलं प्रोटीन ओळखते.

मीडिया फिल्टर करू नका, लिपिडवालं प्रोटीन चिकटतं. आधी ३०० जी, मग १,००,००० जी वर फिरवा, नाहीतर मेम्ब्रेनचे तुकडेही ‘रिलीज’मध्ये मोजले जातात. मीडियात ट्युब्युलिन दिसलं तर पेशी मरताहेत.

पेशीपुराण: रिलीज झालेला बँड लायसेटपेक्षा किंचित खाली आला, तर प्रोटीएजने कापला म्हणायचं?

मेदबंध: नुसत्या उंचीवरून नाही. कोलेस्टेरॉल लागलेलं प्रोटीन वजनाने जड असूनही जेलवर लिपिडविना रूपापेक्षा पुढे पळतं, त्यामुळे डोळा फसतो. एडीएएम प्रोटीएज (पेशीच्या पृष्ठभागावरची प्रोटीन कापणारी एन्झाइम) दोन्ही टोकं छाटतात की लिपिडांसकट बाहेर पडतं, यावर गटागटांत अजून वाद आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला. रिव्हर्स-फेज एचपीएलसी (लिपिड आहे की नाही यावरून प्रोटीन वेगळं करणारी पद्धत) करा, शिवाय तोच मीडिया ०.५% सीरममध्ये ग्ली-ल्युसिफरेज रिपोर्टर पेशींवर (हेजहॉगचा संदेश मिळाला की प्रकाश देणाऱ्या) घाला. पाल्मिटेट नसलेल्या सी२५एस म्युटंटची (२५ व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन) ताकद खूपच कमी असते, तो तुलनेला ठेवा.

गाळ_आणि_गोळी: आणि प्लास्मिड कमी करा, उरलेला डीएनए रिकाम्या व्हेक्टरने भरा. अति एक्सप्रेशनमध्ये पेशीतलं डिस्पॅच्ड अपुरं पडतं. मग स्क्यूब२ घालूनही रिलीजची टक्केवारी हलत नाही. टक्केवारी काढताना मीडिया भागिले मीडिया अधिक लायसेट, दोन्ही एकाच ब्लॉटवर.