रॅम खराब म्हणण्याआधी एक्सएमपी बंद करा (आणि मग भांडा)

ठोकताळे:
२०२२ साली मी स्वतः पीसी जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, खोक्यावर छापलेला वेग ३६००. दोन वर्षं मशीनने हूं की चूं केलं नाही. मग फोटोंचं काम वाढलं म्हणून त्याच कंपनीची, त्याच मॉडेल नंबरची आणखी एक जोडी आणली आणि चारही स्लॉट भरले. तिथून पनवती लागली. कधी मेमरी मॅनेजमेंटची ब्लू स्क्रीन, कधी ब्राउझरची टॅब आपोआप मरायची. सगळ्यात वाईट म्हणजे झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची तक्रार), आणि तीच झिप दुसऱ्यांदा उघडली की ठणठणीत! विंडोज फॉरमॅट मारलं, ड्रायव्हर बदलले, बिचाऱ्या एसएसडीवर संशय घेतला. शेवटी पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) टाकून रात्री लावून झोपलो, तर सकाळी स्क्रीन एररनी लालेलाल.

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, बंद केलं. चारही स्टिक २६६६ वर आल्या. पुन्हा रात्रभर टेस्ट, एकही एरर नाही.

माझं म्हणणं एवढंच की एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकच, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने पळवणं. माझी रॅम डीडीआर४ पिढीची, तिचं जेडेक (मेमरीची मानकं ठरवणारी संस्था) मानक ३२०० आणि १.२ व्होल्टला संपतं. ३६०० आणि १.३५ व्होल्ट हा त्यापुढचा मामला. ५६०० ला एएमडीने अधिकृत ३२०० च दिलंय, आणि चार स्टिक टाकल्या की तेही उतरतं. त्यामुळे मशीन हँग झालं की दुकानात पळायच्या आधी एक्सएमपी बंद करून बघा. बहुतेकांची रॅम जिवंत असते.

बिलासह_या:
साफ असहमत. दुकानदाराची वकिली तुम्ही फुकटात करताय. मी ३६०० चे पैसे मोजले, खोक्यावर ३६०० लिहिलंय, मग ते २६६६ वर चालतंय म्हणून मी आनंद मानायचा? उद्या पंख्याच्या रेग्युलेटरवर पाच अंक असतील आणि तो तीनच्या पुढे धडधडत असेल, तर तुम्ही म्हणाल तीनवर ठेवा, पंखा जिवंत आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'दोष' या शब्दाच्या व्याख्येत विक्रेत्याने केलेल्या दाव्यापेक्षा कमी पडणारा दर्जाही येतो. दावा कंपनीनेच केलाय. एक्सएमपीवर एरर आली की स्टिक सदोष, विषय संपला. वॉरंटीत पाठवा.

ठोकताळे:
अहो, पण एक्सएमपीवर चालवण्यात तीन जण लागतात. स्टिक, बोर्ड आणि प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर. खोक्यावरचा आकडा फक्त पहिल्याचा. शिवाय प्रोसेसरवाल्यांच्या अटी वाचा, ठरलेल्या मर्यादेबाहेर मेमरी चालवली तर प्रोसेसरची वॉरंटी जाते असं एएमडीने स्पष्ट लिहिलंय. म्हणजे एक कंपनी म्हणते ३६०० वर चालवा, दुसरी म्हणते चालवा, पण आमच्याकडे येऊ नका.

बिलासह_या:
म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही, भुर्दंड मात्र आपल्याला. हे तुम्हाला पटतंय याचंच मला आश्चर्य वाटतं.

चारस्लॉट_एकजीव:
दोघेही मूळ चूक सोडून भांडताय. धागाकर्त्याने दोन वेगळी किट एकत्र केली! कंपनी हमी देते ती एका खोक्यातल्या जोडीची, कारण ती जोडी एकत्र तपासलेली असते. मॉडेल नंबर तोच असला तरी दोन वर्षांनी आतली चिप बदललेली असते. आज सॅमसंग, उद्या मायक्रॉन, परवा हायनिक्स. लेबल तेच. त्यात बऱ्याच बी५५० बोर्डांची वायरिंग दोन स्टिकसाठी आखलेली असते, म्हणून तर मॅन्युअलमध्ये प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट आधी भरायला सांगतात. ३२ जीबी हवे होते तर जुनी जोडी विकून १६-१६ ची घ्यायची होती.

आणि एक. एक्सएमपी बंद करून एरर गेल्या, याचा अर्थ 'स्टिक चांगली' असा होत नाही. अशक्त स्टिकही कमी वेगावर पास होते. एकेक स्टिक काढून, त्याच स्लॉटमध्ये, एक्सएमपी चालू ठेवून तपासली का?

ठोकताळे:
नाही. हा मुद्दा मान्य. आज रात्री लावतो.

लॅमिंग्टन_रिटर्न:
एवढा अभ्यास कशाला? स्टिक काढा, सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवा, परत बसवा. वीस वर्षांत निम्मी मशीनं मी अशीच सुरू केली आहेत. :)

चारस्लॉट_एकजीव:
काका, त्यातली अर्धी नुसती काढून परत बसवल्यानेच सुरू झाली असणार, श्रेय मात्र खोडरबराला. काळपटपणा असेल तर फरक पडतो हे खरं, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला की नवा आजार. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरा.

रात्रपाळी_मीनू:
माझा अनुभव डीडीआर५ चा, म्हणजे पुढच्या पिढीच्या रॅमचा. एएमडीच्या एएम५ सॉकेटचं नवीन मशीन जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरतात, स्क्रीन काळी. दोनदा घाबरून पॉवर बंद केली. तिसऱ्यांदा चहा करायला गेले आणि परत येते तर बायोस हजर! पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंगला (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्याला) काही मिनिटं लागतात हे कुणी सांगतच नाही. किती जणांनी या काळ्या स्क्रीनपायी चांगली रॅम परत केली असेल देव जाणे.

मात्र धागाकर्त्यांचा सल्ला इथे महागात पडतो. माझी ६००० ची जोडी एक्सपो (एएमडीचं एक्सएमपी) बंद केलं की ४८०० वर येते. तेवढ्यावर समाधान मानायचं होतं तर स्वस्तातली घेतली असती.

सर्व्हरचा_सदू:
बिलवाल्यांच्या बाजूने एक भर. गूगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये एरर दिसल्या, आणि त्यांत हार्डवेअरमध्येच कायमचा दोष असण्याचं प्रमाण मोठं होतं. तिथे कुणी गेमिंगसाठी एक्सएमपी लावलं नव्हतं. रॅम मुळातूनही बिघडते हो. फरक एवढाच की तिथे ईसीसी (रॅममधली चूक पकडून सुधारणारी सोय) असल्याने एरर कळते, आपल्याकडे ती थेट फोटोत जाऊन बसते. (डीडीआर५ मध्येही ईसीसी आहे असं कुणी म्हणेल, पण ते चिपच्या आतल्या आत. प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काही बिघडलं तर त्याला पत्ता नसतो.)

ठोकताळे:
निकाल सांगतो. चारही स्टिक एकेकट्या ३६०० वर पास. जुनी जोडी पास, नवी जोडी पास. चारही एकत्र ३६०० वर नापास, ३२०० ला मात्र रात्रभर स्वच्छ. म्हणजे बिलासह_या, परत पाठवायची तरी कुठली? चारस्लॉट यांचा अंदाज खरा निघाला आणि माझा अर्धाच, कारण २६६६ पर्यंत खाली यायची गरजच नव्हती.

बिलासह_या:
म्हणजे ३६०० च्या दोन जोड्या घेऊन ३२०० वर चालवताय. आणि दुकानदाराने दुसरी जोडी विकताना एका शब्दाने विचारलं होतं का, आधीची कुठली आहे म्हणून?

ठोकताळे:
विचारलं होतं. मीच ऐटीत म्हणालो, "सेम टू सेम आहे, द्या."