माजी सैनिकाच्या पत्नीची फॅमिली पेन्शन: लष्करी रेकॉर्डमध्ये एक नाव, आधारवर दुसरं (इंदूर)

रामबागकर

तोफखान्यातून १९८९ साली हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांचं गेल्या महिन्यात निधन झालं, वय ७९. पत्नी ७४ वर्षांच्या आहेत. मुलं परगावी, म्हणून कागदपत्रांचं काम मंडळातली आम्ही दोघं-तिघं बघतोय. परिस्थिती अशी:

पेन्शन पूर्वी बँकेकडून यायची, आता स्पर्शवर (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन प्रणाली) गेलेली आहे. पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा आदेश) पत्नीचं नाव 'शेवंताबाई'. आधार, पॅन, पासबुक, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब ओळख क्रमांक) सगळीकडे 'मंगला' आणि पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव. लग्नात नाव बदललं, पण पलटणीत माहेरचंच नाव लिहिलं गेलं. पीपीओवर त्यांची जन्मतारीख नाही. खातं जॉइंट आहे आणि निधनानंतरही एक पेन्शन त्यात जमा झालीय.

कुठून सुरुवात करायची? सेवा केंद्रावर एकाने सांगितलं की आधारवर 'शेवंताबाई' करून घ्या, सगळ्यात सोपं. ते बरोबर आहे का? आणि पेन्शन साधारण किती बसेल?

जुना_बाबू

आधार बदलू नका. एकदा आधार 'शेवंताबाई' झालं की पॅन, बँक केवायसी, समग्र, मतदार यादी, घराची कागदपत्रं, सगळंच विसंगत होतं आणि ते निस्तरायला सहा महिने जातात. चूक लष्करी रेकॉर्डमध्ये आहे, तर दुरुस्ती तिथेच करायची. आधारवर नुसतं स्पेलिंग चुकलेलं असतं तर गोष्ट वेगळी.

पहिलं काम पैशांचं. निधनाच्या तारखेपर्यंतची पेन्शन त्यांची, दुसऱ्या दिवसापासून ती फॅमिली पेन्शन. पुढच्या महिन्यात जी पूर्ण रक्कम आली ती परत जाणार आहे, म्हणून त्याला हात लावू नका. जॉइंट खातं आहे म्हणून लोक काढून खर्च करतात आणि मग फॅमिली पेन्शन सुरू होताच पहिल्या काही महिन्यांतून वसुली लागते. निधनाच्या महिन्याची थकलेली रक्कम असेल तर ती एलटीए (लाइफ टाइम एरियर्स) म्हणून नॉमिनीला मिळते, त्यासाठी वेगळी मागणी करावी लागते.

दुसरं, मृत्यू कळवणं. महापालिकेचा मृत्यू दाखला हातात आला की त्याच आठवड्यात स्पर्शवर नोंद करा. घरून जमत नसेल तर स्पर्श सेवा केंद्रातून, म्हणजे ठरावीक बँक शाखा किंवा सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर). दाखल्यावरचं मृताचं नाव पीपीओवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. लष्करात नाव आणि आडनाव एवढंच असतं, आपल्याकडे मध्ये वडिलांचं नाव येतं. दाखला काढतानाच पीपीओची प्रत सोबत ठेवली तर दुसरं प्रतिज्ञापत्र वाचतं.

तिसरं, नाव. 'मंगलाबाई' आणि 'मंगला' एवढाच फरक असता तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र सहसा चालतं. इथे अख्खं नाव वेगळं आहे. त्यामुळे:

- स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यासमोर केलेलं उत्तम. नुसती नोटरी असेल तर कधी चालते, कधी परत येते. मजकुरात दोन्ही नावं, लग्नाची तारीख, पतीचा आर्मी नंबर, रँक आणि पीपीओ नंबर हवा. आर्मी नंबर राहिला की कागद परत आलाच समजा.
- दोन वर्तमानपत्रांत नावाची जाहिरात, एक इंग्रजी आणि एक स्थानिक. कात्रण नको, पूर्ण पान जपून ठेवा, तारीख दिसली पाहिजे.
- दोन्ही नावं जोडणारा एखादा जुना कागद. शाळेचा दाखला, लग्नाची नोंद, जुनं रेशन कार्ड. डिस्चार्ज बुकात कुटुंबाचा तपशील असतो, त्यात मुलांच्या जन्मतारखा असतील तर मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव 'मंगला' असल्याचं दाखवता येतं. हा पुरावा फार जोरदार ठरतो आणि बहुतेकांना सुचतच नाही.
- हे सगळं आर्टिलरी रेकॉर्ड्स, नाशिकरोड कॅम्प इथे. इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं अग्रेषण पत्र जोडून पाठवा. स्वतःहून साधं पोस्ट करू नका, स्पीड पोस्ट करा आणि पावती फाइलला लावा.

रेकॉर्ड ऑफिस तपासून प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शनला (लष्करी पेन्शन मंजूर करणारं लेखा कार्यालय) कळवतं आणि तिथून दुरुस्त पीपीओ निघतो. लोक इथे उलटं करतात. आधी प्रयागराजला तक्रारी टाकतात, तिथून उत्तर येतं की रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती आणा. दोन महिने फुकट.

जन्मतारीखही याच अर्जात घाला, वेगळा अर्ज नको.

तोपची_७२

जुन्या बाबूंनी जन्मतारखेवर एका ओळीत उरकलं, पण खरं नुकसान तिथेच होतं. ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. फॅमिली पेन्शनलाही हेच लागू. बाई आज ७४ च्या. सहा वर्षांनी रेकॉर्डमध्ये तारीख नसेल तर ही वाढ आपोआप लागणार नाही आणि तेव्हा धावपळ करणारं कोणी असेल का, सांगता येत नाही. आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र या तिन्हींवर तारीख एकच आहे ना ते आजच बघा. जुन्या बायकांच्या मतदार ओळखपत्रावर नुसतं वय असतं, आधारवर १ जानेवारी.

आता रक्कम. पतीला पेन्शन शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, साधी फॅमिली पेन्शन ३० टक्के. म्हणजे मूळ पेन्शनचे ढोबळ तीन पंचमांश. मूळ २०,००० असेल तर १२,००० च्या आसपास, वर महागाई भत्ता. किमान मूळ रक्कम ९,००० आहे, त्याखाली जात नाही. नेमका आकडा ओआरओपीच्या (वन रँक वन पेन्शन) तक्त्यात रँक, ग्रुप आणि सेवेची वर्षं लावून बघा. तक्ता १ जुलै २०२४ पासूनचा हवा. इंटरनेटवर २०१९ चाही फिरतो, तो धरून भांडायला जाऊ नका.

५० टक्के दराची वाढीव फॅमिली पेन्शन इथे नाही. निवृत्तीनंतर निधन झालं तर ती सात वर्षं किंवा पतीचं वय ६७ झालं असतं तोवर, यातलं जे आधी संपेल तिथपर्यंत. ७९ व्या वर्षी तो प्रश्नच उरत नाही. सेवेत असताना निधन झालं तर १० वर्षं. सेवेमुळे आलेला मृत्यू असेल तर विशेष फॅमिली पेन्शन ६० टक्के, युद्धातल्या मृत्यूला उदारीकृत, म्हणजे शेवटचा पूर्ण पगार. चौकात बसून लोक हे सगळे दर एकत्र करतात आणि बाईंना वाटतं आपले पैसे कोणी खाल्ले.

आणखी एक. जुन्या ट्रंकेत आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं प्रमाणपत्र शोधा. निवृत्तीनंतरचा वाढीव विमा जास्तीत जास्त ७५ वयापर्यंत चालतो, तेव्हा या केसमध्ये तो संपलेला असणार. पण ज्यांचं निधन ६८-७० ला होतं त्यांच्या घरी हा दावा न केलेलाच सापडतो.

महूनाका

ईसीएचएसचं (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कोणी लिहिलं नाही म्हणून.

मुख्य सभासद गेला की पत्नीच्या नावावर कार्ड नव्याने करावं लागतं. अर्ज ऑनलाइन, जुनं कार्ड जमा करायचं. मृत्यू दाखला आणि फॅमिली पेन्शनचा पीपीओ लागतो. पीपीओला नावामुळे उशीर होणार हे इथे दिसतंच आहे, म्हणून ईसीएचएस पॉलिक्लिनिकच्या ओआयसींना (प्रभारी अधिकारी) आजच लेखी कळवा आणि अर्जाची तात्पुरती स्लिप घेऊन ठेवा. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणी नाही, त्यामुळे कोणी ३०,००० मागितले तर ते नंतरच्या निवृत्तांसाठी आहेत हे सांगा. नव्या कार्डावर नाव आधारप्रमाणे आणि पीपीओवर जुनं, असं झालं तर हॉस्पिटलचं बिल अडकतं. म्हणून नावाची दुरुस्ती आधी, कार्ड मागाहून.

हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड. नातेवाईक खाजगी खोली मागतात आणि फरकाचं बिल हाती आलं की 'देश बघत नाही' म्हणतात. तो फरक घरचा असतो, दाखल होतानाच लिहून घ्या.

तातडीच्या वेळी ईसीएचएसच्या यादीतल्या हॉस्पिटलला रेफरल लागत नाही, कार्ड दाखवून दाखल करा, कळवायचं काम हॉस्पिटलचं. यादीबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला घरच्यांनी कळवायचं, बिल आधी भरायचं आणि परतावा सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) दराने. बिलापेक्षा बराच कमी येतो, त्यामुळे यादीतली दोन हॉस्पिटलं फ्रीजवर लिहून ठेवलेली बरी. यादी बदलत असते. मागच्या वर्षीची चालत नाही.

पागनीसपागा

विषय तोफखान्याचा निघालाय तर विचारतो. २०१२ मध्ये मुदत पूर्ण करून निवृत्त झालेले नायब सुभेदार, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. रिलीज मेडिकल बोर्डाने ३० टक्के लिहिलं, पण 'सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलंही नाही' असा शेरा. डिसॅबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाची जादा पेन्शन) नाकारला. आता काही होतं का?

तोपची_७२

होतं. आधी बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मिळवा. घरी नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. त्यात दोन गोष्टी बघा. भरतीच्या वेळी कानाचा दोष लिहिलेला होता का, आणि बोर्डाने 'सेवेमुळे नाही' म्हणताना काही कारण दिलंय का. भरतीला दोष नोंदलेला नसेल तर तो सेवेत आला असं मानायचं, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलंय. तोफेवरच्या नोकरीची वर्षं आणि कोणत्या तोफेवर ड्यूटी होती हे अपिलात सविस्तर लिहा, नुसतं 'आर्टिलरी' लिहून भागत नाही.

मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही राउंडिंगचा फायदा मिळतो, तो २०१४ च्या राम अवतार निकालाने. ५० टक्क्यांखालचं ५० धरलं जातं. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, तर ५० ला १५ टक्के. पण दोष किमान २० टक्के हवा आणि सेवेशी संबंध मान्य व्हायला हवा.

आधी विभागाकडे पहिलं अपील, मग दुसरं. तिथे नकार आला की आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल. मध्य प्रदेशासाठी जबलपूर खंडपीठ. उशीर माफ होऊ शकतो, कारण पेन्शन दर महिन्याचा हक्क आहे, पण थकबाकी सहसा अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे २०१२ पासूनचे सगळे पैसे मिळतील अशी आशा त्यांना लावू नका.

सरळ_सांगतो

हे सगळं वाचून बाहेरच्या माणसाला वाटेल सरकार काही देतच नाही. देतं, पण कागद जुळवून आणायचं काम सैनिकाच्या विधवेवर टाकतं. नाव चुकीचं लिहिलं पलटणीच्या कारकुनाने १९७० च्या सुमारास, आणि जाहिरात तिने स्वतःच्या पैशाने द्यायची.

आणि पेन्शनवाले तरी नशीबवान. शिपाई-हवालदाराला पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी सुटलेल्यांना सहसा पेन्शन नाही. अशा हवालदारापर्यंतच्या, ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पेन्युरी ग्रँट (हलाखीतल्यांना मदत) आहे. ४,००० होती, १ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या अर्जांना महिना ८,०००. अर्ज ऑनलाइन, पडताळणी जिल्हा सैनिक कार्यालयाची. इंदूरच्या मराठी वस्त्यांत असे म्हातारे आहेत ज्यांनी डिस्चार्ज बुक कधी नोंदवलंच नाही. मंडळाने हे काम हातात घ्यावं. अग्निवीरांचं तर विचारूच नका: चार वर्षं, सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही. पहिली तुकडी २०२६ च्या अखेरपासून बाहेर पडेल.

जुना_बाबू

सरळ, कारकुनाबद्दल सहमत. पण एक बाजू अशी की पती हयात असताना ही दुरुस्ती निम्म्या कागदांत होते, कारण अर्जदार तोच आणि सही त्याचीच. म्हणून ज्यांच्या घरी माजी सैनिक हयात आहेत त्यांनी याच आठवड्यात स्पर्शवर लॉगिन करून पत्नीचं नाव, जन्मतारीख, आधार आणि मोबाइल बघावा. मोबाइल नंबर बहुधा मुलाचा जुना असतो, ओटीपी तिकडे जातो.

रामबागकर, एक राहिलं. फॅमिली पेन्शन सुरू झाली की हयातीचा दाखला बाईंचा नव्याने, त्यांच्या स्वतःच्या पीपीओवर. पतीचा नोव्हेंबरमधला दाखला आता उपयोगाचा नाही. जीवन प्रमाणवर (ऑनलाइन हयातीचा दाखला) मंजुरी देणारं कार्यालय 'डिफेन्स - पीसीडीए (पी) अलाहाबाद' आणि वितरण संस्था 'स्पर्श' निवडायची. सीएससीवाला सवयीने बँकेचं नाव टाकतो, पावती छापून मिळते, सगळं झालं असं वाटतं आणि दाखला स्पर्शला पोचतच नाही. पावतीवर ही दोन नावं वाचूनच खुर्चीतून उठा. बोटांचे ठसे उमटत नसतील तर फोनवर चेहऱ्याने ओळख पटवता येते, फक्त उजेड समोरून हवा.

रामबागकर

जॉइंट खात्यातल्या त्या रकमेबद्दल: बँकेला लेखी द्यायचं की नुसतं पडू द्यायचं?

जुना_बाबू

लेखी द्या. मृत्यू दाखल्याची प्रत आणि 'अमुक तारखेनंतर जमा झालेली पेन्शन परत घ्यावी' असं एका ओळीचं पत्र, पोच घेऊन. आणि खातं बंद करू नका. फॅमिली पेन्शन त्याच खात्यात घेतली तर एक फॉर्म वाचतो. फक्त आता चेकबुकवर पतीची सही चालणार नाही, बाईंची सही बँकेकडे आहे का ते बघा.