शब्दचर्चा : रेणुभार, रेणुवस्तुमान की मोलर वस्तुमान?

विचारणा
मुलगी नववीत आहे, मराठी माध्यमात. 'द्रव्याचे मोजमाप' हा धडा घेऊन तिच्यासोबत बसलो आणि शब्दांतच अडकलो. आमच्या वेळी 'रेणुभार' म्हणत. तिच्या पुस्तकात 'रेणुवस्तुमान' आहे. अकरावीतला पुतण्या 'मोलर मास' म्हणतो. त्यात मोबाइलवरच्या हिंदी व्हिडिओत ऑक्सिजनचा 'अणुभार' ३२ सांगितला. तिच्या वहीत १६ आहे. चुकतंय कोण?

प्रतिसाद
दादा, कुणीच चुकत नाहीये. हिंदीचं आधी सांगते, कारण माझ्या शिकवणीतली मुलं दरवर्षी नेमकी तिथेच पडतात. आपण ज्याला रेणू म्हणतो त्याला हिंदीत 'अणु' म्हणतात, आणि आपल्या अणूला 'परमाणु'. हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, म्हणून हिंदी अणुभार ३२ आणि मराठी अणुभार १६. शब्द एकच, पण वस्तू दोन. मुलीला वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवायला सांगा.

आता 'भार'. भार किंवा वजन म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं बल, ते चंद्रावर कमी भरेल. पदार्थ तेवढाच राहतो, म्हणून 'वस्तुमान'. जुन्या पुस्तकांतला रेणुभार आणि आताचं रेणुवस्तुमान यांत आकडा बदलत नाही, नाव नेमकं झालं आहे.

'मोलर वस्तुमान' मात्र वेगळं, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. पाण्याचं रेणुवस्तुमान १८.०१५ डाल्टन (अणू-रेणूंचं वस्तुमान मोजायचं एकक), हे एका रेणूचं. मोलर वस्तुमान १८.०१५ ग्रॅम दर मोल. मोल म्हणजे कणांची एक ठरलेली प्रचंड संख्या, म्हणजे हे तराजूत ठेवता येईल एवढ्या पाण्याचं. आकडा तोच दिसतो म्हणून मुलं एकक गाळतात, आणि पुढची सगळी गणितं भरकटतात. मिठाचं बघा. मिठाच्या खड्यात रेणू नसतोच, सोडिअम आणि क्लोराइड आयनांची (विद्युतभार असलेल्या कणांची) सलग जाळी असते. मग 'मिठाचं रेणुवस्तुमान' कसं म्हणायचं? मोलर वस्तुमान ५८.४४ ग्रॅम दर मोल, हे बिनदिक्कत म्हणता येतं.

प्रतिसाद
शुद्धलेखनाचं एक. सुटा 'रेणू' दीर्घ, समासात 'रेणुवस्तुमान' ऱ्हस्व. 'वस्तू' आणि 'वस्तुमान' तसंच.

प्रतिसाद
'मोल' या शब्दाबद्दल. मोलमजुरी, कवडीमोल यांतलं आपलं मोल संस्कृत 'मूल्य'वरून आलं. रसायनातला मोल जर्मनमधून आला. रेणूसाठीच्या 'मोलेक्यूल' या जर्मन शब्दाचं ते आखूड रूप, विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी १८९०च्या दशकात रूढ केलेलं. १९७१ साली ते आंतरराष्ट्रीय पद्धतीत मूलभूत एकक झालं. २०१९पासून एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १०चा २३वा घात इतके कण. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. तरी 'मोलाचं वस्तुमान' असं लिहू नये, वाचणारा 'मौल्यवान' समजेल. 'मोलर'च बरं.

विचारणाऱ्याकडून
ताई, सर, आभार. आम्ही नाशिककडचे, घरची द्राक्षबाग आहे. बोर्डो मिश्रणासाठी (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घरात असतोच, म्हणून मुलीला त्याचंच गणित दिलं. तांबे ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजनचे चार मिळून ६४, पाणी १८. तिचं उत्तर १७७.५ आलं. बरोबर?

प्रतिसाद
बेरीज बरोबर आहे दादा, पाणी कमी पडलं. मोरचुदाच्या सूत्रात (CuSO₄·5H₂O) मधल्या टिंबापुढे पाण्याचे पाच रेणू असतात. त्याला स्फटिकजल म्हणतात, हा शब्दही तिला द्या. पाच गुणिले १८ म्हणजे ९०. एकूण २४९.५ ग्रॅम दर मोल.

ते टिंब म्हणजे गुणाकार नव्हे, 'सोबत' असं वाचायला शिकवा. थोडा मोरचूद तापवला की हे पाणी निघून जातं आणि निळे खडे पांढरे पडतात. ते शाळेत प्रयोगशाळेतच बघू दे, घरी नको. आणि ६३.५ला २४९.५ने भागायला सांगा. किलोभर मोरचुदात तांबं साधारण पाव किलोच असतं, हे तिलाच काढू दे.

विचारणाऱ्याकडून
काढलं तिने. २५४ ग्रॅम. आता चुन्याचं मोलर वस्तुमान काढतेय, विरलेल्या. ७४ येतंय म्हणते.