दाढांचे एक्स-रे किती दिवसांनी काढावेत?

फटीतला_घास
वय ३८. खालच्या दोन दाढांत जुनं सिमेंट आहे, गेल्या चार वर्षांत नवी कीड नाही. मुलगी ९ वर्षांची. तिच्या दुधाच्या दाढांत यंदा दोन ठिकाणी कीड निघाली. डॉक्टर म्हणतात, दोघांनीही दर सहा महिन्यांनी बाइटविंग (पट्टी दातांत धरून काढलेला वरच्या-खालच्या दाढांचा एक्स-रे) काढा. न्यू जर्सीतली बहीण सांगते, तिथे दरवर्षी काढतातच. इकडे सासऱ्यांनी सत्तरीपर्यंत एकही काढलेला नाही. नक्की धरायचं काय? आणि एवढ्या किरणांचं काय?

दंतवैद्य_पुणे३०
मुलीसाठी सहा महिने बरोबर, तुमच्यासाठी फार लवकर.

अमेरिकन डेंटल असोसिएशन आणि तिथल्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१२ मध्ये दिलेली अंतरं अशी: कीड असलेलं किंवा लागण्याची शक्यता जास्त असलेलं मूल, ६ ते १२ महिने. तेच मोठ्या माणसाला, ६ ते १८ महिने. कीड नसलेलं मूल, १२ ते २४. कीड नसलेला मोठा माणूस, २४ ते ३६. तुम्ही या शेवटच्या गटात बसता. तोंड वाळत असेल (रक्तदाबाच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी वाळतं), दातांना तारा लावल्या असतील किंवा दिवसभर चहा-बिस्किटं चालू असतील, तर गट बदलतो.

दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात, त्याच्या किंचित खाली कीड सुरू होते. तिथे आरसाही पोचत नाही आणि प्रोबही (टोकदार सळई). बाइटविंगमध्ये ती इनॅमलमध्ये (दाताच्या कडक बाहेरच्या थरात) छोट्या काळ्या त्रिकोणासारखी दिसते. त्रिकोणाचं टोक आत, डेंटिनकडे (त्याखालच्या मऊ थराकडे). टोक डेंटिनला पोचलं की कीड तिथे आडवी पसरते. मोठ्यांच्या दाढेत इनॅमल ओलांडायला तिला बहुधा काही वर्षं लागतात. दुधाच्या दाढेचं इनॅमल जेमतेम निम्म्या जाडीचं, त्यामुळे तिथे खेळ लवकर आटोपतो. म्हणून मुलांचं अंतर कमी. मात्र दुधाच्या दाढांमध्ये फटी असतील आणि बाजू डोळ्यांनी दिसत असतील, तर बाइटविंगची गरजच नाही. हे आधी बघून घ्या.

उलटी चूकही होते. दाताच्या मानेशी, हिरडीच्या रेषेजवळ, एक काळपट पट्टी दिसते. तिथे दात अरुंद असतो आणि किरण जास्त आरपार जातात, एवढंच. तिला कीड समजून दात कोरल्याची उदाहरणं आहेत. त्रिकोण टेकण्याच्या जागेपाशी असतो, ही पट्टी त्याच्या बरीच खाली.

शिसं_आणि_सावली
किरणांबद्दल लिहितो. डिजिटल सेन्सर आणि चौकोनी कॉलिमेटर (किरणांचा झोत सेन्सरएवढाच ठेवणारी चौकट) असेल तर चार बाइटविंगचे मिळून सुमारे ५ मायक्रोसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं माप; हजार मायक्रो म्हणजे एक मिलि). निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. चार फोटो म्हणजे एका दिवसापेक्षा कमी. ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एकच एक्स-रे) साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) मात्र काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत जातो. तो 'एकदा बघून घेऊ' म्हणून काढायचा नसतो.

आता चौकोनाचं महत्त्व. गोल नळकांड्याचं तोंड ७ सेंमी व्यासाचं, क्षेत्रफळ ३८ चौसेंमीच्या आसपास. मोठ्यांचा सेन्सर ३ बाय ४ सेंमी, म्हणजे १२. दोन-तृतीयांश किरण सेन्सरवर पडतच नाहीत, गालावर आणि मानेवर पडतात. चौकोनी कॉलिमेटर ते तिथेच कापतो. आपल्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांत तो नसतो, विचारायला लाजू नका.

खरी वाढ होते ती पुन्हा-पुन्हा काढण्याने. डिजिटलमध्ये फोटो लगेच दिसतो, म्हणून 'अजून एक घेऊ' हेही लगेच होतं. नळी किंचित पुढे-मागे वळलेली असली की शेजारच्या दाढा एकमेकींवर चढतात आणि नेमकी फट झाकली जाते. नळी सेन्सरवर नीट नसेल तर कोपरा कोरा येतो. पेशंटला सेन्सर बोटाने धरायला लावला की दोन्ही चुका हमखास. होल्डर वापरा म्हणावं, त्याच्या रिंगला नळी टेकवली की कोन आपोआप बसतो. यंत्र एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर नोंदलेलं असायला हवं, हेही विचारता येतं.

फटीतला_घास
मग एकदाच ओपीजी काढून भागेल का? सगळे दात एकाच फोटोत. आणि रूट कॅनॉलला चार-चार एक्स-रे कशाला?

दंतवैद्य_पुणे३०
ओपीजीत उपदाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि पुढच्या दातांवर मणक्याची सावली पडते. फटीतली लहान कीड त्यात हरवते. अक्कलदाढ, जबडा, मुलांचे येऊ घातलेले दात, यांसाठी तो उत्तम.

रूट कॅनॉलचे चार तपासणीचे नसून कामाचे: सुरुवातीचा, फाइल (मूळ साफ करायची बारीक सुई) मुळाच्या टोकापर्यंत पोचली का याचा, मुळात भरायची निमुळती काडी नीट बसली का याचा आणि शेवटचा. अॅपेक्स लोकेटर (मुळाचं टोक विजेने मोजणारं यंत्र) असेल तर दुसरा बऱ्याचदा वाचतो. शेवटचा टाळू नका. पुढे मुळाशी सावली आहे की गेली हे त्याच्याशीच ताडून बघतात.

न्यूजर्सीची_ताई
इकडचं 'दरवर्षी' बरंचसं विम्यातून आलंय. अनेक योजना वर्षातून एकदा बाइटविंगचे पैसे देतात, म्हणून वर्ष भरलं की काढतात. त्या २०१२ च्या कागदात सगळ्यांना सरसकट दरवर्षी असं कुठेच नाही. याच असोसिएशनने २०२४ मध्ये शिशाचा अॅप्रन आणि गळ्याची पट्टी लागत नाही असंही सांगितलंय.

शिसं_आणि_सावली
हो, आणि ओपीजीत गळ्याची पट्टी घातली तर ती फोटोच्या खालच्या भागात पांढरी येते, मग पुन्हा काढा. गरोदरपणातही दुखऱ्या दाताचा गरजेचा एक्स-रे काढता येतो. फक्त नेहमीचा तपासणीचा पुढे ढकलतात.

एक व्यवहाराचं: जुने फोटो व्हॉट्सअॅपवर घेऊ नका. चित्र दाबून पाठवलं जातं आणि इनॅमलमधला तो त्रिकोण पहिला पुसला जातो. मूळ फाइल ईमेलवर मागा, तारखेसकट. नवा दवाखाना गाठला की आधी ती दाखवा, बरेच एक्स-रे तिथेच वाचतात.

दंतवैद्य_पुणे३०
मुलीच्या वेळी सेन्सर लहान, तिच्या तोंडात बसेल असा मागा. मोठा तिच्या टाळ्याला टोचेल, ती तोंड उघडेल आणि फोटो हलेल. कीड इनॅमलमध्येच असेल तर कोरण्याआधी फ्लोराइड वार्निश लावून सहा महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा फोटो घ्यायला सांगा. त्रिकोण वाढला नसेल तर भरायची घाई नाही.